शेवटच्या ढांगेचे गणित

शाळेच्या क्रीडास्पर्धांत लांब उडीच्या खड्ड्याजवळ पंच म्हणून उभे राहण्याची पाळी आपल्यापैकी अनेकांवर आली असेल. मुलगा दूरवरून जोरात धावत येतो. पळण्यात काही कसूर नसते. पण उडीची फळी चार-पाच पावलांवर आली की त्याची तारांबळ उडते. पाऊल फळीवर नीट पडणार नाही हे त्याच्या ध्यानात येते आणि मग तो बारीक बारीक पावले टाकू लागतो, नाहीतर एक लांबलचक टांग टाकून कशीबशी फळी गाठतो. दोन्ही प्रकारांत धावून मिळवलेला वेग वाया जातो. पायांत जोर नाही म्हणून त्याची उडी फसलेली नसते, पाय चुकीच्या जागी पडला म्हणून फसलेली असते.

आता या मुलाच्या जागी सहाशे किलो वजनाचा घोडा आहे अशी कल्पना करू. फळीच्या जागी आहेत १.६० मीटर उंचीचे अडथळे, तेही एक नव्हे, बारा-तेरा. ते सरळ रेषेत नाहीत. मैदानभर वेडेवाकडे मांडलेले आहेत. आणि पावलांचा हिशेब ज्याने ठेवायचा तो धावणारा नाहीच. तो धावणाऱ्याच्या पाठीवर बसलेला दुसराच प्राणी आहे. 'शो जंपिंग' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खेळाचे हे थोडक्यात स्वरूप. ऑलिंपिकच्या वेळी दूरदर्शनच्या पडद्यावर तो आपण ओझरता पाहिलेला असतो. मुंबईकर वाचकांना महालक्ष्मीच्या अमॅच्युअर रायडर्स क्लबमुळे तो थोडाफार परिचयाचा असेल.

खेळाचे नियम सोपे आहेत. अडथळ्याची आडवी दांडी पाडली तर चार दोष. घोडा अडथळ्यापुढे अडून बसला तर पहिल्या वेळी चार दोष, दुसऱ्या वेळी बाद. स्वार किंवा घोडा पडला तरी बाद. ठरलेल्या वेळेपेक्षा अधिक वेळ लागला तर त्याचेही दोष. ज्यांचे दोष सर्वांत कमी ते विजयी, आणि पहिल्या जागेसाठी बरोबरी झाली तर कमी अडथळ्यांची एक फेरी घड्याळ लावून होते. (क्रिकेटमध्ये 'दांडी उडाली' म्हणतात तोच शब्दप्रयोग येथे अगदी अक्षरशः लागू पडतो.)

१९ ऑगस्ट २०१६ रोजी ब्राझीलमधील रिओ येथे ऑलिंपिकची वैयक्तिक अंतिम स्पर्धा झाली, तेव्हा दोन फेऱ्यांनंतर सहा स्वार निर्दोष राहिले होते. घड्याळाच्या फेरीत ब्रिटनचे निक स्केल्टन व त्यांचा घोडा बिग स्टार यांनी एकही दांडी न पाडता ४२.८२ सेकंद घेतले. स्वीडनचे पेडर फ्रेड्रिक्सन यांनीही दांडी पाडली नाही. त्यांना लागले ४३.३५ सेकंद. सुवर्ण आणि रौप्य यांच्यातले अंतर ०.५३ सेकंदाचे. कॅनडाचे एरिक लमाझ तर ४२.०९ सेकंदांत, म्हणजे सर्वांच्या आधी पोहोचले. पण एक दांडी पडली, त्यांना कांस्यपदक मिळाले.

हे ०.५३ सेकंद आपल्याला पुढे पुन्हा भेटतील. त्यांचा अर्थ कळण्यासाठी स्पर्धेच्या दिवशी सकाळी मैदानावर काय चालते ते आधी पाहू.

माणसाची चार पावले, घोड्याची एक ढांग

फेरी सुरू होण्यापूर्वी स्वारांना मैदान पायी फिरून पाहण्याची मुभा असते. घोड्याला ती नसते. तो हे अडथळे प्रथम पाहतो ते थेट फेरीतच. या वेळी मैदानावर एक गमतीशीर दृश्य दिसते. उंच बूट घातलेली, मोठमोठी पदके मिळवलेली माणसे खाली मान घालून, ओठांत पुटपुटत, एकसारखी लांब पावले टाकत एका अडथळ्याकडून दुसऱ्याकडे चाललेली असतात. ती अंतर मोजत असतात.

घोड्याच्या चालींपैकी या खेळात वापरतात ती चाल म्हणजे कँटर. दुडकीपेक्षा वेगवान, पण चौखूर भरधाव पळण्यापेक्षा संथ. हिच्यात खुरांचे तीन ठोके ऐकू येतात आणि मग क्षणभर चारही पाय जमिनीपासून सुटलेले असतात. या एका आवर्तनात घोडा जेवढे अंतर कापतो त्याला आपण 'ढांग' म्हणू. मोठ्या घोड्याची मध्यम ढांग ३.६ मीटरच्या आसपास भरते. स्वार सरावाने आपले पाऊल बरोबर ९० सेंटिमीटरचे करून घेतो. म्हणजे त्याची चार पावले म्हणजे घोड्याची एक ढांग.

आता हिशेब करू. अडथळा ओलांडून घोडा साधारण दोन पावलांवर उतरतो आणि पुढच्या अडथळ्याच्या साधारण दोन पावले अलीकडून उडतो. म्हणून दोन अडथळ्यांमधली पावले मोजायची, त्यांतून चार वजा करायची आणि उरलेल्यांना चाराने भागायचे. समजा २४ पावले भरली. २४ वजा ४ म्हणजे २०, भागिले ४ म्हणजे ५. घोड्याला पाच ढांगा टाकून सहावी उडी मारायची आहे. सरळ मामला.

पण मैदान आखणारा इतका भला नसतो. तो मुद्दाम २६ पावले ठेवतो. २६ वजा ४ म्हणजे २२, भागिले ४ म्हणजे साडेपाच! अर्धी ढांग कोणी टाकू शकत नाही. मग स्वारापुढे दोन वाटा राहतात. हे अंतर २३.४ मीटर आहे. ते पाच ढांगा आणि एक उडी अशा सहा भागांत वाटले तर प्रत्येक भाग ३.९ मीटरचा होतो. सहा ढांगा आणि एक उडी अशा सात भागांत वाटले तर ३.३४ मीटरचा. पहिल्या वाटेने घोड्याला लांब लांब ढांगा टाकत, वेगात जावे लागेल. दुसऱ्या वाटेने तो आवरून, आखडून न्यावा लागेल. पुढचा अडथळा रुंद असेल तर वेग उपयोगी पडतो. उंच आणि सरळ उभा असेल तर आवरलेला घोडा बरा. आखणारा हे जाणून असतो, म्हणून पुष्कळदा रुंद अडथळ्यानंतर आखूड अंतरावर सरळ अडथळा ठेवतो. वेग आधी मागायचा आणि लगेच परत मागून घ्यायचा!

हा प्रयोग शाळेच्या पटांगणावर करण्यासारखा आहे. घोड्याची गरज नाही. चुन्याने दोन रेषा आखा, मुलांना आधी आपले पाऊल ९० सेंटिमीटरचे करायला लावा (हे वाटते तितके सोपे नाही, दहा पावले टाकून टेपने नऊ मीटर भरतात का ते पाहायचे) आणि मग वेगवेगळ्या अंतरांसाठी घोड्याच्या ढांगा काढायला सांगा. भागाकारात बाकी उरली की तिचे काय करायचे हा प्रश्न वहीत सुटतो त्याहून मैदानावर वेगळा असतो, हे मुलांना लगेच जाणवते.

वळणांवर हा हिशेब आणखी रंगतो. समजा काटकोनात वळायचे आहे. एक स्वार १४ मीटर त्रिज्येच्या कमानीवरून वळला, दुसरा १२ मीटर त्रिज्येच्या. पाव वर्तुळाच्या लांबीतला फरक १.५७ × २, म्हणजे ३.१४ मीटर. सेकंदाला साडेसहा मीटर वेगाने हे अंतर कापायला जवळजवळ अर्धा सेकंद लागतो. आता ०.५३ सेकंदांकडे वळू. ३.६ मीटरची एक ढांग याच वेगाने टाकायला ०.५५ सेकंद लागतो. म्हणजे रिओत सुवर्ण आणि रौप्य यांच्यात फरक होता तो जवळपास एका ढांगेचा! कोठेतरी एक वळण आतून घेतले, किंवा सहाऐवजी पाच ढांगांत अंतर कापले, एवढाच.

मग सगळेच आतून का वळत नाहीत? १२ मीटर त्रिज्येवर त्या वेगाने वळताना घोड्याला सुमारे वीस अंश आतल्या बाजूला झुकावे लागते आणि वळून सरळ झाल्यावर अडथळ्यापर्यंत ढांग दुरुस्त करायला जागा कमी उरते. अर्धा सेकंद वाचवण्याच्या नादात दांडी गेली की चार दोष. लमाझ यांचे कांस्यपदक ही त्याचीच किंमत.

उंचीचा प्रश्न नाही

येथे एक समज दूर करणे आवश्यक आहे. हा खेळ पाहताना वाटते, की घोड्याला शक्य तितके उंच उडवणे हीच खरी कसोटी. घोड्याच्या उंच उडीचा विक्रम २.४७ मीटरचा आहे. ५ फेब्रुवारी १९४९ रोजी चिली देशात विन्या देल मार येथे आल्बेर्तो लार्रागिबेल यांनी हुआसो या घोड्यावरून तो केला आणि अजून कोणी मोडलेला नाही. निक स्केल्टन यांनी स्वतः १९७८ साली, वयाच्या विसाव्या वर्षी, लास्टिक या घोड्यावरून २.३२ मीटर उंची ओलांडून ब्रिटनचा विक्रम केला होता. त्या मानाने ऑलिंपिकचे १.६० मीटर काहीच नव्हे. तरी त्यांना वैयक्तिक सुवर्णपदक मिळाले ते ५८व्या वर्षी. शक्तीपेक्षा नेमकेपणा किती दुर्मिळ आहे हे या दोन आकड्यांवरून दिसते.

उडीचे भौतिकशास्त्र वर्गात शिकवतो तेच आहे. जमीन सुटली की घोड्याचा गुरुत्वमध्य फेकलेल्या चेंडूसारखा अन्वस्त मार्गाने जातो. हवेत असताना घोड्याला किंवा स्वाराला तो मार्ग बदलता येत नाही. समजा मागचे पाय ताणून जमीन सोडताना गुरुत्वमध्य दीड मीटरवर होता आणि माथ्यावर २.१ मीटरवर पोहोचला. म्हणजे ०.६ मीटर चढ. त्यासाठी लागणारा उभा वेग √(२ × ९.८ × ०.६), म्हणजे सेकंदाला सुमारे ३.४ मीटर. चढायला ०.३५ सेकंद, उतरायला तेवढेच. अवघ्या ०.७ सेकंदाचा हा खेळ.

आता समजा उडी चुकीच्या जागेवरून घेतली. मार्गाचा माथा दांडीच्या बरोबर वर न येता पुढेमागे आला. आडवा वेग सेकंदाला ६ मीटर धरू. माथा ३० सेंटिमीटरने चुकला तर दांडीवरून जाताना शरीर माथ्यापेक्षा फक्त १.२ सेंटिमीटर खाली असेल. हे चालून जाते. ६० सेंटिमीटरने चुकला तर ४.९ सेंटिमीटर खाली. ९० सेंटिमीटरने चुकला तर ११ सेंटिमीटर. चूक दुप्पट झाली की नुकसान चौपट, तिप्पट झाली की नऊपट. अन्वस्ताचा माथा सपाट असतो, म्हणून लहान चुका तो पोटात घालतो. पण एका मर्यादेपुढे अजिबात दया करत नाही. शिवाय फार जवळून उडाले तर पुढचे पाय दुमडून वर घ्यायला वेळच मिळत नाही, आणि फार दुरून उडाले तर उतरत्या मार्गावर मागचे पाय दांडीला लागतात. पुढच्या पायांनी दांडी पडली की मागच्या, यावरून जाणकार प्रेक्षक चूक कोणत्या बाजूची होती ते ओळखतात.

आणि दांडी पडायला लागते तरी किती? ती दोन्ही टोकांना सुमारे दोन सेंटिमीटर खोल खोबणीत नुसती ठेवलेली असते. तिचे वजन १५ किलो धरले तर खोबणीबाहेर यायला तिला दोन सेंटिमीटर उचलावे लागेल. त्याला लागणारी ऊर्जा १५ × ९.८ × ०.०२, म्हणजे जेमतेम ३ जूल. एक जाडसर वही जमिनीवरून टेबलावर ठेवण्याइतकी. सेकंदाला साडेसहा मीटर वेगाने येणाऱ्या सहाशे किलोंच्या घोड्याची गतिज ऊर्जा साडेबारा हजार जूलच्या पुढे असते. एवढ्या अवाढव्य ऊर्जेतले तीन जूलसुद्धा दांडीला मिळू द्यायचे नाहीत!

घोड्याला काय दिसते?

ढांगांचा हिशेब स्वार करतो हे खरे, पण शेवटी उडायचे घोड्याला. त्याला अडथळा कसा दिसतो?

घोडा हा गवताळ मैदानातला, भक्षकांपासून पळून जगणारा प्राणी. त्याचे डोळे कपाळाच्या दोन बाजूंना आहेत. त्यामुळे जवळजवळ सगळा परिसर त्याला एकाच वेळी दिसतो. ठार मागे आणि कपाळाच्या लगेच पुढे असे दोन छोटे भाग मात्र नजरेआड राहतात. अडथळा अगदी जवळ आला की तो या पुढच्या आंधळ्या भागात शिरू लागतो. म्हणजे उडी केव्हा आणि किती मारायची ते घोड्याने आधीच्या ढांगेतच ठरवलेले असावे लागते. अडथळ्याकडे येताना घोडा मान वर किंवा खाली करू पाहतो तो दांडी नीट दिसावी म्हणून. त्या वेळी लगाम ताणून मान जखडून टाकणारा स्वार खरे म्हणजे त्याच्या डोळ्यांवर हात ठेवत असतो.

रंगांची गोष्टही ध्यानात घेण्यासारखी आहे. आपल्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी तीन प्रकारच्या असतात, घोड्याच्या डोळ्यांत दोनच. निळा आणि पिवळा त्याला वेगळे दिसतात. तांबडा, नारिंगी आणि हिरवा यांत मात्र गफलत होते. हिरवळीवर ठेवलेली नारिंगी दांडी आपल्या डोळ्यांत खुपते, घोड्याच्या नजरेला ती गवतात विरून जाते. ब्रिटनमधील एक्सेटर विद्यापीठाच्या संशोधकांनी हे तपासून अडथळ्यांच्या शर्यतींत नारिंगीऐवजी पांढरा रंग वापरण्याची शिफारस केली आणि २०२२ पासून तेथे तसा बदल सुरू झाला. इतकी वर्षे माणसे घोड्यासाठीचे अडथळे स्वतःच्या डोळ्यांना दिसतील असे रंगवत आली होती!

तयारी म्हणजे उड्या मारणे नव्हे

एवढे समजल्यावर मोठ्या स्पर्धेची तयारी कशी होत असेल याचा अंदाज बांधता येतो. तरीही पहिल्यांदा ऐकणाऱ्याला नवल वाटते ते याचे, की अव्वल दर्जाच्या घोड्याला सरावात मोठे अडथळे फारच थोड्या वेळा ओलांडायला लावतात. आठवड्यातले बहुतेक दिवस तो सपाट मैदानावर असतो, किंवा डोंगरउतारावर चालत-दुडकत असतो, किंवा मोकळा चरत असतो.

सपाटीवर चालते ते ढांग लहानमोठी करण्याचे काम. जमिनीवर दोन दांड्या ठराविक अंतरावर टाकायच्या आणि मधले अंतर कधी पाच ढांगांत, कधी सहांत, कधी सातांत कापायचे. ताल न बिघडू देता. आधी सांगितलेल्या साडेपाच ढांगांच्या सापळ्यावर एवढा एकच उतारा आहे. स्वाराने पायाचा किंचित दाब दिला की घोड्याने ढांग वीतभर लांबवावी, पाठ थोडी ताठ केली की आखडावी, आणि हे त्याने न चिडता करावे. शाळेत पाढे पाठ होतात तसे हे पाठ व्हावे लागते, आणि त्याला वर्षे लागतात.

उड्या कमी का, याचे कारण घोड्याच्या पायांत आहे. शरीरशास्त्र शिकवणाऱ्यांसाठी हा भाग फार उपयोगी आहे. ज्याला आपण घोड्याच्या पुढच्या पायाचा गुडघा म्हणतो ते खरे तर त्याचे मनगट. त्याखाली तळहाताचे एक लांब हाड आणि मग एकच बोट, मधले. खूर म्हणजे त्या बोटाचे नख. सहाशे किलोंचा प्राणी चार नखांवर उभा असतो! आणि या 'मनगटा'खाली हलवणारा स्नायू जवळजवळ नाहीच. तेथे आहेत लांब कंडरा, म्हणजे स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या दोऱ्या. पाय जमिनीवर टेकला की खुरावरचा सांधा खाली दबतो, कंडरा रबरासारखी ताणली जाते आणि पाय उचलताना ती ऊर्जा परत देते. पाय हलके राहतात, श्रम वाचतात. निसर्गाची ही काटकसर आहे, आणि तिची जोखीमही आहे.

अडथळ्यावरून उतरताना पुढचे दोन पाय एकामागून एक टेकतात. क्षणभर एकाच पायावर शरीराच्या वजनाच्या दीडपट ते दुप्पट भार येतो. भरधाव पळताना कंडरा आपल्या लांबीच्या दहा टक्क्यांहून अधिक ताणली जाते. तुटण्याची मर्यादा त्याहून फार दूर नसते. वारंवार ताणली जाऊन सैल पडताना काही ऊर्जेची उष्णता होते. पळणाऱ्या घोड्याच्या कंडरेच्या गाभ्यात ४५ अंश सेल्सियसपर्यंत तापमान मोजले गेले आहे. रक्तपुरवठा तुटपुंजा असल्याने ती उष्णता लवकर निघून जात नाही.

आता व्यायामाचा परिणाम पाहा. घोड्याचे हृदय चार-पाच किलो वजनाचे असते. विश्रांतीत ते मिनिटाला ३० ते ४० ठोके देते आणि पराकाष्ठेच्या श्रमात २२० च्या पुढे जाते. त्याच्या प्लीहेत तांबड्या रक्तपेशींचा राखीव साठा असतो. उत्साहात आला की प्लीहा आकुंचन पावते आणि हा साठा रक्तात ओतते, जणू खेळाडूने स्वतःलाच रक्त चढवून घ्यावे. हृदय आणि स्नायू नियमित व्यायामाने काही आठवड्यांत तयार होतात. हाड घट्ट व्हायला महिने लागतात. प्रौढ घोड्याची कंडरा मात्र व्यायामाने फारशी बळकट होत नाही. ती झिजते, एवढेच. यातून एक फसवी अवस्था निर्माण होते. घोडा टवटवीत दिसतो, श्वास लागत नाही, उड्या मारायला उत्सुक असतो आणि पाय मागे पडलेले असतात. कंडरा दुखावली तर भरून यायला वर्षभरही लागते, आणि जखमेच्या जागी तयार होणारा तंतू पूर्वीसारखा लवचीक नसतो.

म्हणून प्रत्येक घोड्याजवळ उड्यांची जणू एक मोजकी पुंजी आहे असे समजून ती खर्च करायची असते. सरावात उधळली तर स्पर्धेला काय उरणार? मोतद्दार रोज सकाळी खरारा करण्याआधी घोड्याच्या चारही पायांवरून हात फिरवतो तो याचसाठी. एक जागा जराशी गरम लागली, तरी त्या दिवशीची स्वारी रद्द.

वाट पाहणे

स्केल्टन आणि बिग स्टार यांची गोष्ट या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. २००० सालच्या सप्टेंबरमध्ये घोड्यावरून पडून स्केल्टन यांच्या मानेचा सर्वांत वरचा मणका मोडला. त्यांनी निवृत्ती जाहीर केली. मणका भरून आल्यावर २००२ मध्ये ते परतले. २०११ मध्ये त्यांच्या खुब्याचा सांधा बदलण्यात आला. दुसऱ्या वर्षी लंडन ऑलिंपिकमध्ये बिग स्टारवर बसून त्यांनी ब्रिटनच्या संघाला सुवर्णपदक मिळवून दिले. उड्यांच्या सांघिक प्रकारात ब्रिटनला ते साठ वर्षांनी मिळत होते. वैयक्तिक स्पर्धेत शेवटच्या फेरीत एक दांडी पडली आणि पदक हुकले. तीन जूल!

बिग स्टार तेव्हा नऊ वर्षांचा होता. २०१३ मध्ये जर्मनीतील आखेन येथील मानाची ग्रांप्री त्याने जिंकली आणि त्याच वर्षी तो दुखावला. पुढची जवळजवळ दोन वर्षे तो स्पर्धांपासून दूरच राहिला. येथे एक मोठा मोह असतो. घोडा बारा वर्षांचा होत आला आहे, स्वार साठीकडे झुकला आहे, दोघांकडेही फार वर्षे उरलेली नाहीत. अशा वेळी लवकर मैदानात उतरावे असे कोणालाही वाटेल. स्केल्टन आणि त्यांचे अनेक वर्षांचे मोतद्दार मार्क बीव्हर यांनी तसे केले नाही. त्यांनी घोड्याला हळूहळू चालवत, मग दुडकवत, मग लहान अडथळ्यांवरून नेत परत आणले. रिओपूर्वी त्याला मोजक्याच मोठ्या स्पर्धांत उतरवले. आम्हांला या साऱ्या कथेत पदकापेक्षा हा भाग अधिक शिकण्यासारखा वाटतो, कारण त्यात दिसण्यासारखे काही घडतच नाही.

प्रवासाबद्दल दोन शब्द. रिओला घोडे विमानाने गेले. घोड्याचे वैशिष्ट्य असे, की तो मान खाली घालून चरतो आणि तेव्हाच श्वासनलिकेत साठलेली धूळ व कफ बाहेर पडतो. लांबच्या प्रवासात मान वर बांधून ठेवली तर हा निचरा बंद पडतो, जंतू फुप्फुसांत उतरतात आणि न्यूमोनिया होऊ शकतो. म्हणून वाटेत त्याला मान खाली घालायला सवड द्यावी लागते, गवत ओले करून द्यावे लागते. उतरल्यावर काही दिवस सकाळ-संध्याकाळ ताप मोजावा लागतो. वर्षानुवर्षांची तयारी एका बांधलेल्या दोरीने फुकट जाऊ शकते.

अंतिम दिवशी घड्याळाच्या फेरीत स्केल्टन यांचा क्रमांक सहांत पहिला होता. हा तोट्याचा क्रमांक मानतात, कारण इतरांची वेळ ठाऊक नसते; किती धोका पत्करायचा हे स्वतःच ठरवावे लागते. आतून वळायचे, पण इतके आतून नाही की ढांग दुरुस्त करायला जागाच उरू नये. त्यांनी ४२.८२ सेकंदांत फेरी पुरी केली आणि मग बाजूला उभे राहून इतर पाचजणांच्या दांड्या पडतात की नाही हे पाहत राहिले. चौघांच्या पडल्या. फ्रेड्रिक्सन यांची एकही पडली नाही, ते फक्त एक ढांग उशिरा आले.

त्यानंतर वर्षभराच्या आत, २०१७ च्या एप्रिलमध्ये, स्केल्टन यांनी आपली आणि बिग स्टारची निवृत्ती एकदमच जाहीर केली, आणि मे महिन्यात विंडसर येथील प्रदर्शनात दोघांनी प्रेक्षकांचा निरोप घेतला. स्वार तेव्हा ५९ वर्षांचा होता आणि घोडा १४ वर्षांचा.